कडेपासून एक मीटर

पुण्यात सायकलने कामावर जायला लागलं की घरचे, शेजारचे, सिग्नलला बाजूला थांबलेला स्कूटरवाला, सगळे एकच सांगतात : "कडेकडेनं जा हं." काळजीपोटी सांगतात, पण सल्ला चुकीचा आहे. गटाराच्या जाळ्या कडेलाच असतात. डांबराचे थर चढत गेल्याने खाली राहिलेली चेंबरची झाकणं तिथेच. चाकांनी उडवलेली बारीक खडी, काचांचा चुरा आणि तुटके खिळे साठतात तेही तिथेच. उभ्या मोटारीचं दार तिथे उघडतं, रिक्षा तिथे थांबते, बस तिथेच येऊन लागते. त्यामुळे हा सल्ला मनापासून पाळणाऱ्याची पंक्चरं जास्त होतात आणि तो पडतोही जास्त. डांबराच्या कडेपासून साधारण एक मीटर आत आणि सरळ रेषेत चालवायची, ही पहिली सवय. बाकीचं बरंचसं त्यातून सुटतं.

उदाहरणाला कोथरूड डेपो ते शिवाजीनगर घेऊ. सात-आठ किलोमीटर अंतर, सिग्नल धरून ताशी १२ ते १५चा वेग, म्हणजे ३५ ते ४० मिनिटं. या मार्गाची एक सोय आहे : पौड रस्ता सकाळी शहराकडे उतरत जातो, त्यामुळे ऑफिसला पोचेपर्यंत घाम कमी. संध्याकाळी तोच उतार चढ होतो आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून लागतो. म्हणून परतीला दहा मिनिटं जास्त धरायची. सकाळच्या वेळेवरून हिशेब केला की पहिल्याच आठवड्यात माणूस वैतागतो.

मार्ग ठरवताना रविवारी सकाळी चक्कर मारून येणं निरुपयोगी. रविवारी सगळेच रस्ते चांगले असतात. कामाच्या दिवशीच्या वेळेलाच एकदा जाऊन बघायचं, तेही शक्यतो पोचायची घाई नसताना. डेपोपासून वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी असा पौड रस्त्याने उतरून पौड फाटा, नळस्टॉप आणि पुढे कर्वे रस्त्याने डेक्कन, हा सरळ मार्ग. मेट्रोच्या खांबांमुळे मधली जागा गेली आहे आणि सगळी गर्दी उरलेल्या पट्ट्यात दाटते. नळस्टॉपला डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला वळून भांडारकर रस्त्याने किंवा प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून गेलं तर थोडं अंतर वाढतं, पण झाडं मिळतात आणि बस जवळजवळ नाहीत. गर्दीच्या वेळी दोन्हींचा वेळ सारखाच येतो. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता दोन्ही एकेरी आहेत, त्यामुळे जातानाचा आणि येतानाचा मार्ग वेगळा आखावा लागतो. "सायकलच तर आहे" म्हणून उलट्या दिशेने शिरणं हा शहरातला सगळ्यात वाईट शॉर्टकट. गल्लीतून डावीकडे बाहेर पडणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो. डावीकडून कोणी येईल हे त्याच्या डोक्यातच नसतं.

बाजूच्या सायकल ट्रॅकबद्दल : जिथे सलग आहे तिथे जरूर वापरा. पण पेव्हर ब्लॉकचा, दर पन्नास पावलांवर खांब, विजेचा डीपी बॉक्स किंवा वडापावची गाडी असलेला ट्रॅक रस्त्यापेक्षा धोक्याचा असतो. प्रत्येक वेळी तिथून रस्त्यावर उतरताना तुम्ही मागच्याला अचानक दिसता.

सायकल कोणती, यावर लोक महिना घालवतात. एवढी गरज नाही. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली जड सायकल घेऊ नये, तिचे स्प्रिंग तुमचीच ताकद खातात. फार बारीक टायरची रेसिंगची सायकल आपल्या चेंबरांना पुरत नाही. ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, गिअरच्या पुढे दोन किंवा तीन आणि मागे सात-आठ चकत्या, कॅरिअर आणि मडगार्ड लावायला फ्रेमला भोकं, एवढं असलं की झालं. भोकं आहेत का हे दुकानातच वाकून बघायचं. नंतर क्लिपांनी बसवलेलं मडगार्ड पहिल्या खड्ड्यात टायरला घासायला लागतं. घरात जुनी काळी सायकल असेल तर तीही चालते. फक्त ओव्हरऑइलिंग करून घ्यावं, म्हणजे हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो भाग) आणि हँडल यांचे छर्रे काढून, धुऊन, नवं ग्रीस भरून. आणि रॉडच्या ब्रेकवर पावसात विसंबू नये.

सीटची उंची बहुतेक लोकांची कमी असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं वाटतं. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल पार खाली न्या, गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं त्यांनी आधी सीट बघावी, नंतर गिअर. मिनिटाला ७०-८० फेऱ्या पाय फिरतील असा हलका गिअर शहरात बरा. सिग्नल पुढे दिसला की थांबायच्या आधीच दोन गिअर खाली आणायचे. थांबल्यावर गिअर पडत नाही, आणि हिरवा झाल्यावर जड गिअरवर उभं राहून सायकल डुलवत निघालं की शेजारच्या स्कूटरच्या आरशाला हँडल लागलंच म्हणून समजा.

हवा दर रविवारी भरायची, अंगठ्याने दाबून नव्हे, मीटर असलेल्या उभ्या पंपाने. ७० किलोच्या माणसाला ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे ५५ आणि मागे ६० पीएसआय (पंपाच्या मीटरवरचं दाबाचं माप) ठीक. २६ इंची चाकाच्या, १.९५ इंच रुंदीच्या जाड टायरला पुढे ४५, मागे ५०. टायरच्या बाजूवर कमाल आकडा छापलेला असतो, तो ओलांडायचा नाही. पेट्रोल पंपावर भरायची वेळ आली तर हाताने थोडीथोडी सोडायला सांगा. मोटारीच्या मानाने सायकलच्या ट्यूबमध्ये हवा फारच थोडी मावते, क्षणात टायर रिमवरून सुटतो. बारीक पितळी तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पंपाची नळी बसतच नाही, त्यासाठी रुपयाच्या नाण्याहून छोटा अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हलाच लावून ठेवावा.

आता रस्ता.

रिक्षाचा इंडिकेटर बघत बसू नका, तिचं पुढचं चाक बघा. चालकाने गिऱ्हाईक हेरलं की चाक आधी डावीकडे किंचित वळतं, मग रिक्षा. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना मागच्या काचेतून ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतं का ते बघायचं. दिसलं तर दार उघडणार असं धरून चालायचं. दार साधारण एक मीटर बाहेर येतं, म्हणून मोटारीपासूनही मीटरभर अंतर. दोन उभ्या मोटारींच्या मधल्या रिकाम्या जागेत आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, असं नागमोडी कधीही करू नये. मागच्याला तुमची रेषा कळली पाहिजे. सरळ जाणाऱ्या सायकलला पुण्यातला वाहनचालकही वळसा घालतो, क्वचित हॉर्नसकट.

पीएमपीची बस पुढे थांब्यावर असेल तर दोनच पर्याय : मागे थांबा, नाहीतर उजवीकडून, मागे वळून बघून, हात दाखवून पुढे जा. डावीकडून, बस आणि फुटपाथ यांच्या मधून, कधीच नाही. उतरणारी माणसं अंगावर येतात हे एक. दुसरं जास्त वाईट : बस कडेला लागत असताना मागचं अंग पुढच्यापेक्षा आत ओढलं जातं, आणि मधली जागा तुमच्या डोळ्यांदेखत संपते. चौकात डावीकडे वळणारा ट्रक किंवा टँकरही असाच. त्याच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ उभी असलेली सायकल ड्रायव्हरला दिसत नाही.

चौकांत सगळ्यात जास्त घडणारा प्रकार म्हणजे मागून येऊन तुम्हाला ओलांडायचं आणि तुमच्याच पुढ्यातून डावीकडे वळायचं. चौकाच्या तीस-चाळीस मीटर आधी कड आणखी सोडून पट्ट्याच्या मध्यावर यायचं, म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला तुमच्या मागे थांबावं लागतं. चौक ओलांडला की पुन्हा आपल्या जागी. आधी भीती वाटते. आठवड्यात कळतं की मध्यावरची सायकल लोकांना दिसते, कडेची दिसत नाही.

उजवीकडे वळणं मोठ्या चौकात एका दमात करू नये. हिरव्यावर सरळ पलीकडे जायचं, डाव्या बाजूला झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे थांबायचं, सायकल उजवीकडे वळवून उभी करायची आणि त्या रस्त्याचा सिग्नल सुटला की निघायचं. एक सिग्नल जास्त लागतो. पण उजवीकडून सुटणाऱ्या दुचाक्यांच्या पुरातून वाट काढण्यापेक्षा पुष्कळ बरं.

हात दाखवण्यात एक मेख आहे. आपल्याकडे बऱ्याच सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. उजवा हात बाहेर काढला की तो गेला. म्हणून क्रम असा ठेवायचा : आधी वेग कमी, मग मागे वळून बघणं, मग हात, मग हात परत हँडलवर, आणि त्यानंतर वळणं. बरेच जण हात बाहेर ठेवूनच वळतात आणि पुढे कोणी थांबलं की फक्त मागच्या ब्रेकवर घसरत जातात. तुमच्या सायकलचा कोणता ब्रेक कुठे आहे ते अंगणात एकदा दाबून बघा.

घंटी पितळी, मोठी घ्या. हॉर्नच्या गदारोळात मोटारवाल्याला ती ऐकू येत नाही, खरं आहे, पण ती असते पायी चालणाऱ्यांसाठी. मोटारवाल्यासाठी गळा आहे. मोठ्याने "ओ दादा" म्हटलं की काच बंद असली तरी मान वळते.

पंक्चरला घाबरून सायकल सोडणारे खूप. पिशवीत एक जादा ट्यूब, टायर रिमवरून उचकटायला प्लास्टिकच्या दोन पत्त्या, छोटा पंप आणि चाकाला नट असतील तर पंधरा नंबरचा पान्हा, एवढं असलं की वीस मिनिटांचं काम. रस्त्यावर नुसती ट्यूब बदलायची, ठिगळ घरी लावायचं. मागचं चाक काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा, चाक सहज निघतं. व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे दोन उभे हात) असेल तर त्याची वाकडी नळी आधी सोडवा. ट्यूब बाहेर काढताना व्हॉल्व्ह टायरवर कुठे होता ती खूण लक्षात ठेवायची. भोक सापडलं की टायरमध्ये त्याच अंतरावर बघायचं, कारण काच बहुतेक वेळा टायरमध्ये तशीच रुतलेली असते. ती न काढता नवी ट्यूब घातली तर नळस्टॉपचं पंक्चर गरवारे कॉलेजला पुन्हा होतं. बोटाने चाचपताना हळू, नाहीतर रुमाल फिरवा, काच असेल तिथे धागा अडकतो.

भोक कुठे आहे यावरून कारण कळतं. बाहेरच्या बाजूला एकच : काच किंवा खिळा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या : हवा कमी होती आणि खड्ड्याच्या धारेवर रिमने ट्यूब चेचली. आतल्या, रिमकडच्या बाजूला : रिमची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचं टोक किंवा भोकाची कड टोचते आहे, पट्टी बदला. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलेली ट्यूब दुरुस्त होत नाही. ती कमी हवेवर चालवल्याने रिममध्ये सरकून फाटते. जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हला आत रबराची नळी असते. ती चिरली की पंक्चर नसताना रात्रीत हवा जाते. तोंडावर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला की नळी बदलायची.

घरी ठिगळ लावताना घाई नडते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून बादलीत बुडवा, बुडबुड्यांची जागा बॉलपेनने मोठा फुलीचा चिन्ह करून ठेवा, लहान खूण घासताना पुसली जाते. कोरडी करा. ठिगळापेक्षा थोडी मोठी जागा काचपेपरने चमक जाईपर्यंत घासा. सोल्युशनचा पातळ थर, आणि मग पाच मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ. ओल्या सोल्युशनवर लावलेलं ठिगळ तिसऱ्या दिवशी कडेने सुटतं. शेवटी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत आणा.

पावसाळ्याचे नियम वेगळे. पहिल्या सरीत रस्त्यावर महिनोन्‌महिन्यांचं तेल वर येतं, त्या दिवशी वळणावर सायकल झुकवायची नाही. झेब्राचे आणि रंबलरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाच्या जोडपट्ट्या, हे सगळं सरळ ओलांडायचं, त्यावर असताना ब्रेक नाही, वळणं नाही. रिमवर घासणारे ब्रेक ओल्यात आधी पाणी पुसतात, मग धरतात, म्हणून दुप्पट आधी हलकेच दाबायला सुरुवात. डबक्यातून जाऊ नका, आत झाकण आहे की नाही कळत नाही. ब्रेकच्या रबरात वाळूचे कण रुततात आणि रिम खरवडतात. खर्र आवाज आला की घरी येऊन टोकदार काहीतरी घेऊन कण काढायचे. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की जोडी बदलायची, पावसाळ्यात मी तरी एकदा बदलतोच. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, त्या दिवसांत नदी ओलांडायचा दुसरा मार्ग आधीच ठरलेला हवा.

लांब रेनकोट चेनमध्ये जातो. कमरेपर्यंतचं जाकीट आणि अर्धी चड्डी घाला, पाय पुसता येतात. कपडे, कागद, चार्जर जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा गुंडाळून. वजन पाठीवर नको, कॅरिअरवर. पाठीवरची सॅक उन्हाळ्यात सदऱ्यावर तिच्याच आकाराचा डाग उमटवते. ऑफिसात सोमवारी दोन सदरे नेऊन ठेवले तर आठवडा निभतो. पोचल्यावर लगेच कपडे बदलू नयेत, दहा मिनिटं पंख्याखाली बसून मगच. नाहीतर नवा बनियनही भिजतो.

कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून, पक्क्या गजाला. बारीक वायरचं कुलूप फक्त चहाच्या टपरीपुरतं. झटक्याने निघणारी सीट असेल तर तिथे नट बसवून घ्या.

संध्याकाळी निघताना मागचा लाल दिवा आधी, पुढचा नंतर. पुढचा दिवा रस्त्यावर झुकलेला हवा, समोरच्याच्या डोळ्यांत नव्हे. दिव्यावर लोंबणारी सॅक किंवा जाकीट येत नाही ना, एकदा मागे जाऊन बघा. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मांडवांमुळे गल्ल्या अर्ध्या होतात आणि बांबूचे खड्डे नंतरही राहतात, अंधारात ते दिसत नाहीत, म्हणून तेवढे दिवस मोठ्या रस्त्याने. रात्री कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चार पावलं चाला. पळणारं चाक थांबलं की त्यांचा रस संपतो.

घरी आल्यावर, पावसात भिजलेली असेल त्या दिवशी, चेन जुन्या बनियनच्या फडक्यात धरून पेडल उलटं वीसेक फेऱ्या फिरवायचं. कोरडी झाली की प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब तेल, दहा मिनिटं मुरू द्यायचं, आणि वरचं पुसून टाकायचं, कारण वर राहिलेलं तेल धूळ धरतं. महिन्यातून एकदा रॉकेलने किंवा डिग्रीजरने धुवावी. आणि दोन-तीन महिन्यांनी फूटपट्टी लावावी : एका पिनच्या मध्यापासून चोवीस सांधे मोजले की नवी चेन बरोबर बारा इंच भरते. बारा इंच आणि वर एक सोळांश भरली की बदलायची. एक अष्टमांशपर्यंत ताणत नेली तर मागच्या चकत्यांचे दात तिच्याच मापाने झिजतात, मग त्यावर नवी चेन चढावर घसरते आणि दोन्ही बदलावं लागतं.